फाइलमधलं सर्वनाम

परदेशातल्या त्या हॉस्पिटलात तिला सगळे ‘डिक्शनरी’ म्हणायचे. काम दुभाषीचं. डॉक्टर इंग्रजीत बोलायचे, फायली इंग्रजीत, फॉर्म इंग्रजीत. आणि ज्यांना इंग्रजीचा गंध नाही अशा पेशंटांच्या शेजारी, जरा मागे, खुर्ची ओढून ती बसायची आणि इकडचं बोलणं तिकडे, तिकडचं इकडे करायची. एकवीस वर्षं झाली होती. टोपणनाव पडलं ते तिच्या खोडीमुळे. एखादा शब्द अडला की नुसता अर्थ बघून तिचं भागायचं नाही. तो आला कुठून, आधी त्याचा अर्थ काय होता, मग काय झाला, हे सगळं ती घरी जाऊन उकरून काढायची आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी नर्सना ऐकवायची. “आज कोणाचं कूळ काढलंस?” असं विचारूनच त्या तिच्यासाठी जागा करायच्या.

कामाचे नियम मात्र ती काटेकोर पाळायची. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. पेशंट ‘माझं दुखतंय’ म्हणाला तर आपणही ‘माझं दुखतंय’ म्हणायचं. नवीन दुभाष्यांना शिकवताना विभागाच्या हेड बाई तिचंच उदाहरण द्यायच्या. त्याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

त्या मंगळवारी सकाळी ती हाडांच्या विभागातून धावतपळत नवजात बाळांच्या वॉर्डात आली. चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं : चार दिवसांचं बाळ, दूध नीट पीत नाही. कॉटजवळ आई बसली होती, पंचविशीची, चेहरा ओढलेला. कपड्यांच्या कारखान्यात ती कॉलर शिवायची. बाप वेल्डर. हाताच्या पाठीवर ठिणग्यांचे बारीक डाग, आणि ते हात कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं. कॉटला लावलेल्या कार्डावर ‘बेबी’ आणि आईचं नाव होतं. बाकीचं कार्ड कोरं होतं. घाईत आलेल्या दुभाषीचं तिकडे लक्ष गेलं नाही.

शिकाऊ डॉक्टरीण वही उघडून उभीच होती. रात्र कशी गेली, असं तिनं विचारलं.

“बाळ रात्रभर किरकिर करतंय,” आई म्हणाली. “छातीला लावलं की दोन घोट घेतं नि सोडून देतं. मग दमून झोपतं.”

तिनं इंग्रजीत सांगितलं. सांगताना कर्ता लागतो. आपल्याकडे बाळ रडतं, बाळ झोपतं, बाळ हसतं. ते काय आहे हे कोणी विचारत नाही. इंग्रजीत तसं चालत नाही. ‘इट’ म्हणावं तर आईसमोर तिच्या लेकराला वस्तू म्हटल्यासारखं वाटतं. म्हणून ती म्हणाली, ‘शी’. शी रडली, शीनं दोन घोट घेतले, शी दमून झोपली. ‘ही’ का नाही, ‘शी’च का, हे पुढे तिला अनेकदा आठवून बघावं लागलं, पण काही सापडलं नाही. तोंडात आलं ते बोलली, एवढंच. डॉक्टरणीनं एकदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग आईबापाकडे. ती दोघं काही बोलली नाहीत. डॉक्टरणीनं वहीत काहीतरी लिहिलं.

पाचेक मिनिटांनी बालरोगतज्ज्ञ आल्या. वयस्कर, आवाज मऊ. स्टूल ओढून आईच्या समोर बसल्या आणि एकेक वाक्य थांबत थांबत बोलल्या. त्या म्हणाल्या की बाळाचं हृदय, फुप्फुसं ठीक आहेत. पण बाळाचा बाहेरचा अवयव असा आहे की नुसतं बघून हा मुलगा की ही मुलगी, हे सांगता येत नाही. असं होतं, अगदीच नवलाचं नाही. रक्तातल्या क्षारांची तपासणी लगेच करायची आहे, कारण त्यात काही बिघाड असेल तर तो जिवावर बेतू शकतो. बाकीच्या रिपोर्टांना दोन-तीन आठवडे लागतील.

तिनं ते सगळं जसंच्या तसं सांगितलं.  आपण आत्ताच तीनदा काय म्हणालो ते तिला आठवलं. हे लगेच सांगायला हवं होतं. ‘मघाशी मी शी म्हटलं ते माझं, आईनं तसं म्हटलं नाही.’ एका वाक्याचं काम. पण बापानं तेवढ्यात विचारलं, “म्हणजे जगेल ना?” आणि ते वाक्य जास्त गरजेचं होतं. मग आई रडायला लागली. मग बालरोगतज्ज्ञांना फोन आला. नंतर सांगू, असं तिनं मनात म्हटलं.

त्या उठून गेल्यावर नर्सनं जन्मनोंदणीचा फॉर्म आणून दिला. “एवढा भरून घे ना गं त्यांच्याकडून, डिक्शनरी.”

आईचं नाव, बापाचं नाव, पत्ता, वजन. मग ‘सेक्स’. हा शब्द तिनं हजार वेळा ‘लिंग’ असा सांगितला होता. त्याच सवयीनं तिनं वाचलं, “लिंग?”

बापाचा चेहरा लाल झाला. “ताई, त्याचाच तर घोळ आहे म्हणाल्या ना त्या? पुन्हा तेच काय विचारताय?”

“नाही, नाही. म्हणजे मुलगा की मुलगी, तो रकाना आहे.”

“मग तसं म्हणा की!”

आई हळूच म्हणाली, “कोरं नाही का ठेवता येणार?”

नर्सला विचारलं. तूर्तास ठेवा, ती म्हणाली. क्षारांची तपासणी संध्याकाळपर्यंत आली आणि ती चांगली निघाली. सगळ्यांनीच सुटकेचा निःश्वास टाकला. त्या गडबडीत तिचं एक वाक्य सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी राहिलं, तिसऱ्या दिवशी बाळ घरी गेलं. मग तिला वाटायला लागलं की एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात एका शब्दाला कोण विचारतंय.

पंचवीस दिवसांनी सर्जनच्या खोलीत तिला पुन्हा बोलावणं आलं. तेच आईबाप. बाळ आईच्या मांडीवर झोपलं होतं, गाल भरले होते. बापाचा फोन सारखा थरथरत होता. त्याची आई होती पलीकडे. “रोज विचारते, काय सांगितलं डॉक्टरनं,” तो म्हणाला. “शेजारणींना काय सांगू म्हणते. मी म्हटलं, सांग बाळ झालं म्हणून. तर म्हणते, मला शिकवू नकोस.” त्यानं फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

सर्जन पन्नाशी ओलांडलेला, स्वच्छ, नेमकं बोलणारा. त्यानं फाइल उघडली आणि तो सांगत गेला, ती सांगत गेली. रिपोर्ट दोन्ही बाजूंनी बोलत होते. काही पेशी एक सांगत होत्या, काही दुसरं. आतले अवयवही पुरते इकडचे नाहीत, पुरते तिकडचे नाहीत. जिवाला धोका आज नाही. दर काही महिन्यांनी तपासणी करावी लागेल. पण लहानपणीच ऑपरेशन करून बाहेरचा भाग एका बाजूचा करून घेतला तर मुलाला पुढे त्याची आठवणही राहत नाही, असं त्याचं मत होतं.

“आणि पहिल्या दिवसापासून तुम्ही हिला मुलगी मानत आला आहात,” सर्जन फाइलवर बोट ठेवून म्हणाला. “तशी नोंद आहे. त्यामुळे त्याच दिशेनं जावं, असं आमच्या टीमचं मत झालं.”

ती थांबली. तिचं थांबणं कधी कोणी पाहिलं नव्हतं. सर्जननं भुवया उंचावल्या. मग तिनं खाली बघून ते वाक्य सांगितलं, “पहिल्या दिवसापासून तुम्ही हिला मुलगी मानत आला आहात, तशी नोंद आहे.”

बापानं बायकोकडे पाहिलं. “आपण कधी म्हटलं?” मग तिच्याकडे. “आम्ही कधी म्हटलं, ताई?”

आता हा प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत जायला हवा होता. ‘आम्ही कधी म्हटलं?’ त्याचं उत्तर त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं. तिनं सर्जनला इंग्रजीत सांगितलं, “आमचं अजून नक्की झालेलं नाही.” एकवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं जाणूनबुजून कोणाचं तरी वाक्य बदललं, आणि तेही स्वतःला वाचवायला.

“साहजिक आहे,” सर्जन म्हणाला. “घाई नाही. संमतीपत्र घरी घेऊन जा. पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला जागा धरून ठेवतो.”

आईनं कागदाची घडी घालून ती बाळाच्या दुपट्यात खोचली. तिनं एक शब्दही काढला नव्हता.

त्या रविवारी दुपारी ती जेवणाच्या टेबलाशी दोन जाडजूड कोश उघडून बसली. नवरा समोर पाना आणि ग्रीसचा डबा घेऊन पंख्याचं काहीतरी करत होता. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता आणि सुट्टीच्या दिवशीही हात स्वस्थ बसत नसत.

“काय सापडलं?” त्यानं विचारलं. त्याला वाटलं, नेहमीचंच काहीतरी.

“सेक्स हा शब्द.”

“या वयात?”

तिला हसू आलं नाही. “लॅटिनमधून आलाय. काहींच्या मते कापणं, तोडणं असा अर्थ असलेल्या धातूपासून. माणसांचे दोन भाग केले, म्हणून. पण खात्रीनं कोणी सांगत नाही. इंग्रजीत सहाशे वर्षं आहे. आणि बहुतेक काळ त्याचा अर्थ एवढाच होता, माणसांचा हा अर्धा भाग नाहीतर तो अर्धा. तुझ्या डोक्यात येतो तो अर्थ अलीकडचा, शंभरएक वर्षांचा.”

“म्हणजे माझ्या पणजोबाला तो फॉर्म भरताना लाज वाटली नसती.”

“आणि आपला लिंग शब्द. मुळात खूण. ओळखायची खूण. मग व्याकरणात गेला, मग शरीरावर जाऊन बसला तो उठलाच नाही. ओळखायला खूण, आणि खुणेवरून ओळख पटत नसेल तर काय करायचं, ते कुठल्याच पानावर नाही.”

नवऱ्यानं पाना खाली ठेवला. “काय झालंय?”

तिनं सगळं सांगितलं. पेशंटचं घरी बोलायचं नाही हा दुसरा नियम, तोही मोडला. तो ऐकत राहिला. मध्येच म्हणाला, “शी म्हणालीस? आपल्या लोकांसमोर? त्यांना वाटलं असेल बाळानं शी केली.”

“बास कर.”

“बरं.” थोड्या वेळानं तो म्हणाला, “तू गेले तीन दिवस या पुस्तकांत डोकं घालून बसलीयेस. त्या शब्दाच्या पोटात कापणं असेल नाहीतर जोडणं असेल. त्या पोराला काय त्याचं? तुला सापडायचंय काय त्यात?”

 तिला जे हवं होतं ते तिला नीट माहीत होतं. शब्दच मुळात वाकडा आहे, कोणाच्याही तोंडून घसरला असता, असं कुठल्यातरी पानावर छापलेलं हवं होतं.

“कोणती तारीख म्हणालीस?”

“चौदा.”

“मग उद्याच जा,” तो म्हणाला. “कामावरून काढलं तर काढलं. बघू.”

सोमवारी सकाळी ती हेड बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्याकडून एक चूक झालीय, आणि ती फाइलमध्ये गेलीय.” हेड बाईंनी आधी दार लावून घेतलं. सगळं ऐकल्यावर त्यांनी पेनाला टोपण घातलं.

“पहिल्या दिवशी चूक झाली, ते समजू शकते मी,” त्या म्हणाल्या. “पण बापानं तोंडावर विचारलं तेव्हा तू वाक्य फिरवलंस. तू?”

“हो.”

“मला हे लिहून दे. मी सगळ्यांची मीटिंग बोलावते. तिथे तू तुझं सांगायचं, मी दुभाषी होईन. त्या मीटिंगमध्ये तू दुसऱ्या कोणाचंही काही सांगायचं नाहीस.”

मीटिंग बुधवारी ठरली. सर्जन, बालरोगतज्ज्ञ, आईबाप आणि मांडीवर बाळ. हेड बाई आईच्या शेजारी, जरा मागे, जिथे एरवी ती बसायची. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एकटी. तिला सगळं दोन्ही भाषांत ऐकू येत होतं आणि दुसऱ्यांसाठी तोंड उघडायची सोय नव्हती.

तिनं स्वतःचं आधी इंग्रजीत सांगितलं, मग आईबापांकडे वळून त्यांच्या भाषेत. “पहिल्या दिवशी तुम्ही बाळ म्हणालात. मी डॉक्टरांना सांगताना मुलगी म्हटलं. तुम्ही तसं म्हटलं नव्हतं. नंतर माझ्या लक्षात आलं, पण मी सांगितलं नाही. मागच्या वेळी तुम्ही विचारलंत, तेव्हाही मी तुमचा प्रश्न डॉक्टरांना नीट पोचवला नाही. चूक पूर्ण माझी आहे. मला माफ करा.”

बाप आधी गोंधळला. “म्हणजे तुम्ही ते सारखं शी शी करत होतात ते...” त्यानं कपाळाला हात लावला. “मला वाटलं, बाळाच्या शी-शूचं विचारतायत.” कोणी हसलं नाही. मग त्याचा आवाज चढला. “तुमच्या एका शब्दावर हे लोक माझ्या लेकराला कापणार होते? आणि तुम्हाला माहीत होतं? बाई, तुम्हाला मुलंबाळं आहेत का?”

हेड बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं, अगदी शेवटच्या प्रश्नासकट. चेहऱ्यावर काही न दाखवता.  ताईची बाई झाली होती, ते तिला ऐकू आलं होतं.

सर्जननं चष्मा काढला. तो एकट्या त्या शब्दावर विसंबला नव्हता, असं तो म्हणाला. पण रिपोर्ट दोन्हीकडे झुकत असताना आईबाप काय मानतात याला वजन असतं. ते वजन त्यानं धरलं होतं. “तीस वर्षं ही ऑपरेशनं करतोय,” तो म्हणाला. “काही कुटुंबं नंतर येऊन आभार मानतात. बाकीच्यांचं मला काही कळत नाही. ते येत नाहीत.”

बालरोगतज्ज्ञ म्हणाल्या की मग आता नव्यानं विचारू या. त्यांनी आईकडे पाहिलं. “तुम्ही काही बोलला नाहीत.”

आई बाळाच्या दुपट्याची कड बोटांनी दुमडत होती, जशी कापडाची कड दुमडतात तशी, सरळ, एकसारखी.

“मला कळलं होतं,” ती म्हणाली.

“काय?” बाप म्हणाला.

“शी म्हणजे काय ते. कारखान्यात सुपरवायझर दिवसभर माझ्याबद्दल शी इज स्लो, शी इज स्लो करत असते. मला नाही कळणार? पहिल्या दिवशीच कळलं होतं.”

हेड बाईंनी तेही इंग्रजीत पोचवलं. 

“मग बोलली का नाहीस?” बापाचा आवाज एकदम खाली आला होता.

“काय बोलू? चार दिवस जो येईल तो दुपटं उघडायचा, बघायचा नि गप्प व्हायचा. नर्स गप्प, तुम्ही गप्प. तुमच्या आईनं तर हातात घेतलं नाही. या बाई आल्या आणि पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बाळाबद्दल माणसाबद्दल बोलावं तसं बोललं. मला बरं वाटलं. म्हटलं, असू दे. मुलगी तर मुलगी. कोणीतरी एकदाचं ठरवलं तर.” तिनं पहिल्यांदा टेबलाच्या या टोकाकडे पाहिलं. “पण त्यासाठी कापतील, हे मला माहीत नव्हतं. ते मागच्या वेळी कळलं. तेव्हापासून मी तो कागद रोज उघडते नि ठेवून देते.”

“सही केली नाहीस ना?”

“नाही.”

बाळ जागं झालं आणि त्यानं रडायला सुरुवात केली. बापानं हात पुढे केले, बायकोकडून ते घेतलं आणि खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.  शेवटी तो न वळता म्हणाला, “चौदा तारीख रद्द करा. पुढचं पुढे बघू. आणि या बाई आम्हाला नकोत. दुसरं कोणीतरी द्या.”

हेड बाईंनी तेही सांगितलं.

सर्जननं फाइलमधल्या नोंदीखाली स्वतःच्या हातानं दुरुस्ती लिहिली : पालकांनी बाळाचं लिंग सांगितलेलं नव्हतं, नोंद भाषांतरातील चुकीमुळे. तारीख, सही. जुनी नोंद खोडता येत नसल्यामुळे ती तशीच राहिली. तिला लेखी ताकीद मिळाली आणि वॉर्डातून काढून तळघरातल्या फोनच्या खोलीत पाठवलं गेलं. तिथे खिडकी नव्हती. कानाला हेडफोन लावून दिवसभर न दिसणाऱ्या माणसांचं बोलणं न दिसणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं. नर्सना आधी वाईट वाटलं, मग त्यांचं चहाला बोलावणं हळूहळू कमी झालं. तिनंही कोणाचं कूळ काढणं सोडून दिलं होतं. कोश कपाटात वर गेले.

एक सवय मात्र तिला लागली. फोनवर मूल म्हणून कोणाचा उल्लेख आला की ती थांबून विचारायची, “मुलगा की मुलगी?” कधी पलीकडची आई खेकसायची, “ते काय करायचंय तुम्हाला? ताप आलाय त्याचं बोला ना!” घाईतल्या डॉक्टरांनी दोनदा तक्रारही केली. ती विचारतच राहिली.

जन्मनोंदणीचं काय झालं ते तिला ओळखीच्या नर्सकडून समजलं. रकाना कायमचा कोरा ठेवता येत नव्हता. आईनं ‘मुलगी’ लिहायला लावलं. पुढे बदलायचं झालं तर अर्ज करा, असं कारकुनानं सांगितलं.

अकरा महिन्यांनी एका दुपारी फोनच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. वेल्डर उभा होता. कामाच्या कपड्यांत, हातात हॉस्पिटलचं पाकीट.

“नवीन दुभाषी आहेत ते भराभरा बोलतात,” तो म्हणाला. “मला अर्धं समजत नाही. हे वाचून द्या.”

ती उठली. “मला तुमचं काम करायला मनाई आहे. तुम्हीच सांगितलं होतंत.”

“आता मीच सांगतोय. वाचा.”

तिनं पत्र वाचलं, एकेक वाक्य, पदरचं काही न घालता. पुढची तपासणी कधी. सोनोग्राफीत काळजीचं काही नाही. वजन चांगलं वाढलंय. आणि ऑपरेशनबद्दल पालकांना पुन्हा बोलायचं असेल तर वेळ मिळेल. मोठं होऊन मुलानं स्वतः ठरवावं असं वाटत असेल तर तेही चालेल. टीमची दोन्हीला तयारी आहे.

“दोन्हीला तयारी आहे,” तो म्हणाला. “म्हणजे पुन्हा आमच्याच गळ्यात.” तो दाराच्या चौकटीला टेकला. “तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटतं ते मी सांगायचं नसतं.”

“तेव्हा नव्हता का हा नियम?”

तिनं पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. “थांबावं, असं वाटतं,” ती म्हणाली. “पण मी डॉक्टर नाही. आणि बाळ घरी मला नाही, तुम्हाला न्यायचंय.”

“बायकोही तेच म्हणते. थांबू या. दिवसभर तिला बरं जमतं ते. मला नाही जमत. शेजारी कोणी विचारलं की मी काहीतरी बोलून सटकतो. आई आता आमच्याकडे राहत नाही. येते तेव्हा मुलगा म्हणून हाका मारते, ही मुलगी म्हणून मारते, आणि पोर दोन्हीला ओ देतं. हसतं. चार दात आलेत.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “रोज सकाळी वाटतं, जाऊन सही करून टाकावी. रोज संध्याकाळी वाटतं, बरं झालं नाही केली.”

 माफी मागून झाली होती.

“माझा राग गेलेला नाही,” तो म्हणाला.

“असू दे.”

“नाही, आधी सांगतोय. तपासणी नऊ तारखेला आहे. त्या खोलीत तुम्ही बसा. तो नवीन माणूस नको. तुम्ही आता एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही, एवढं मला माहीत आहे.”

“हेड बाईंना विचारावं लागेल.”

“विचारा,” तो म्हणाला. पत्र तिच्या हातून घेऊन त्यानं खिशात घातलं. “सकाळी साडेदहा. आणि डॉक्टर काही म्हणाले तर मला हळू सांगा. घाई करू नका.”